पंडिता रमाबाई : प्रायश्चित्ताकडून क्षमेकडे

आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या पंडिता रमाबाई स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या म्हणून सर्वांना परिचित आहेत. पापाची कबुली आणि क्षमा यांचा त्यांनी आयुष्यभर घेतलेला शोध मात्र तितकासा ठाऊक नाही.

वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक होते. त्यांचे कुटुंब पायी तीर्थयात्रा करीत असे. व्रते, उपवास आणि पवित्र नद्यांतील स्नान यांनी पापक्षालन होते, ही घरातील श्रद्धा होती. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि बहीण यांचा मृत्यू झाला आणि रमाबाईंच्या या श्रद्धेला तडा गेला. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु दोनच वर्षांत त्यांना वैधव्य आले.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळील फुलहॅमचे आश्रयगृह दाखविले. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. आपल्या देशात अशा स्त्रियांच्या वाट्याला केवळ शिक्षा येते, या जाणिवेने त्या अस्वस्थ झाल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चची शिकवण त्यांनी विचार न करता स्वीकारली नाही आणि त्यावरून वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे मतभेद झाले. आपल्याला धर्म मिळाला, पण क्षमेची खात्री बऱ्याच वर्षांनी लाभली, असे त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहिले.

या श्रद्धेची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८८९ मध्ये स्थापन केलेल्या शारदा सदनात धर्मांतर होत असल्याचा आरोप झाला. १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुलींना परत नेले आणि पुण्यातील सुधारकांनीही पाठ फिरविली.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळपीडित स्त्रियांना आसरा मिळाला. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी तेथे कृपा सदन उभे राहिले. जून १९०५ मध्ये मिशनमध्ये प्रार्थनेची मोठी लाट आली. मुलींनी रडत आपल्या चुका कबूल केल्या आणि एकमेकींची क्षमा मागितली.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक मूळ ग्रंथांवरून बायबलचा सोपा मराठी अनुवाद केला. १९२१ मध्ये कन्या मनोरमा यांचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही जगाचा निरोप घेतला. समाजाने दोषी ठरविलेल्या स्त्रीलाही नवे जीवन सुरू करण्याचा अधिकार आहे, हा त्यांच्या कार्याचा गाभा होता.