सीपी/एमचा जनक आणि डोक्याचा मार

घरच्या कॉम्प्युटरवर आपण ‘सी’ ड्राइव्ह उघडतो. मग ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले? ती अक्षरे फ्लॉपीची होती. फ्लॉपी गेली, अक्षरे रिकामी राहिली. छोट्या संगणकांवर ही पद्धत रुळवणाऱ्या माणसाचे नाव गॅरी किल्डॉल. बिल गेट्स सगळ्यांना ठाऊक आहेत, किल्डॉल फारसे कुणाला नाहीत. त्यांचे आयुष्य आरोग्याच्या सदरात का, ते पुढे कळेलच.

१९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात त्यांचा जन्म झाला. घराण्याची नौकानयन शिकवणारी शाळा होती. गॅरी यांना गणिताचे शिक्षक व्हायचे होते, पण वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकाचा नाद लागला. सक्तीच्या लष्करी सेवेमुळे ते कॅलिफोर्नियात माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवायला गेले आणि तिथेच रमले. १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

त्याच सुमारास इंटेलची ४००४ ही नखाएवढी चिप बाजारात आली होती. बहुतेकांना ती कॅल्क्युलेटर नाहीतर सिग्नलचे दिवे चालवण्यापुरती वाटली. किल्डॉल यांना तिच्यात आख्खा संगणक दिसला. त्यांनी मोठ्या संगणकावर त्या चिपची नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला, म्हणजे हातात यंत्र नसतानाही तिच्यासाठीचे काम तपासून पाहता येई. पुढे इंटेलसाठी त्यांनी पीएल/एम ही भाषा तयार केली.

१९७४ मध्ये आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह त्यांच्या हाती आली. ती चालवण्यासाठी जे सॉफ्टवेअर लिहिले तेच सीपी/एम. हे सगळे सोळा किलोबाइट मेमरीत मावायचे. आज मोबाइलवर आलेल्या ‘सुप्रभात’च्या एका चित्रालाही याहून जास्त जागा लागते! पण खरी हुशारी आकारात नव्हती. तेव्हा प्रत्येक कंपनीचे यंत्र निराळे, त्यामुळे प्रत्येकासाठी प्रोग्राम नव्याने लिहावा लागे. किल्डॉल यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बायोस म्हटले. नवे यंत्र आले की तेवढाच तुकडा बदलायचा, बाकी सारे तसेच. आमच्या वॉर्डात स्टँड कुठलाही असो, सलाइनची नळी बसतेच ना, तसे. त्यामुळे वर्डस्टार, डीबेस टू असे प्रोग्राम अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालू लागले. पत्नी डोरोथी यांच्यासह त्यांनी पॅसिफिक ग्रोव्ह गावात डिजिटल रिसर्च ही कंपनी चालवली.

१९८० मध्ये आयबीएमचे लोक त्यांच्या दारी आले. त्या दिवशी किल्डॉल मजेसाठी विमान उडवत हिंडत होते, अशी दंतकथा आहे. ते विमान घेऊन गेले होते हे खरे, पण धंद्याच्या कामासाठी. गुप्ततेच्या करारावर सही करायला डोरोथी तयार झाल्या नाहीत. व्यवहार लांबला आणि आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलच्या एका कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवर लिहिलेली प्रणाली विकत घेतली. आयबीएमने नंतर दोन्ही विकायला ठेवल्या. पीसी-डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एमची आवृत्ती २४० डॉलरला. ग्राहकाने काय उचलले असेल, ते सांगायला नको.

किल्डॉल कफल्लक झाले नाहीत. १९९१ मध्ये नोव्हेलने त्यांची कंपनी विकत घेतली. ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते अनेक वर्षे दिसत. सीडीवरचा पहिलावहिला विश्वकोशही त्यांच्याच दुसऱ्या कंपनीचा. तरी सल राहिला. १९९२ मध्ये त्यांच्या विद्यापीठाच्या संगणक विभागाला २५ वर्षे झाली, तेव्हा मुख्य भाषण दिले गेले गेट्स यांना. किल्डॉल दुखावले आणि आत्मचरित्र लिहू लागले. दारू वाढत गेली. त्या हस्तलिखिताचा पहिला भाग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढची प्रकरणे कुटुंबाने मागे ठेवली, कारण त्यांत व्यसनाच्या काळातला माणूस बोलतो, खरा गॅरी नाही, असे मुलांना वाटले. व्यसन माणसाच्या यकृताबरोबर त्याचा आवाजही खाते, हे नातेवाइकांकडून आम्ही रोज ऐकतो.

८ जुलै १९९४ रोजी माँटेरेमधल्या एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला मार लागला. नंतरच्या दिवसांत ते दोनदा रुग्णालयात जाऊन परत आले. ११ जुलैला त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ५२.

मार लागला, माणूस उठून चालू लागला, म्हणजे संपले असे नसते. कवटीच्या आतला रक्तस्राव कधी कधी हळूहळू साठतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी मेंदूवर दाब येतो. दीर्घकाळ पिणाऱ्याचा मेंदू आक्रसतो, त्यामुळे मेंदू आणि त्याच्या आवरणांमधल्या शिरा ताणलेल्या असतात आणि लहानशा धक्क्यानेही फाटतात. यकृत बिघडल्याने रक्त लवकर गोठत नाही. वर तोंडाला वास येतो, म्हणून गुंगी दारूचीच समजली जाते. अपघात विभागात ‘प्यायलाय, झोपू द्या’ हे वाक्य मला सर्वात धोक्याचे वाटते. अशा माणसाला कमी नव्हे, जास्त काळजीने तपासावे लागते आणि सीटी स्कॅनसाठी फार वाट पाहू नये. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, जागे न होणे, असंबद्ध बोलणे, हातापायात कमजोरी, फिट, एक बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर १०८ ला फोन करावा. एकदा घरी पाठवले असले तरी पुन्हा आणायला संकोच करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगावे.

सीपी/एम मात्र मेले नाही. जुन्या झेड-८० यंत्रांचे शौकीन आजही त्यावर प्रोग्राम लिहितात. काहीजण सुट्या भागांतून नवे यंत्र जोडतात आणि त्याच्यासाठी बायोसचा तुकडा स्वतः लिहितात. पडद्यावर ‘ए’ आणि त्यापुढे बाणासारखे चिन्ह उमटले की काम फत्ते.