वीरचंद राघवजी गांधी : तीर्थरक्षक कायदेपंडित

महुवा येथे १८६४ साली जन्मलेले वीरचंदभाई १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेमुळे सर्वपरिचित आहेत. त्यांच्या कायद्याच्या अभ्यासाचे स्मरण मात्र क्वचितच होते. १८८४ मध्ये पदवी संपादन केल्यावर त्यांनी मुंबईत सॉलिसिटरांच्या पेढीत उमेदवारी पत्करली. खरेदीखते, गहाणखते, मालकीहक्काची तपासणी ही सॉलिसिटरची विद्या. ती तीर्थांच्या कामी आली. १८८६ मध्ये पालिताणा संस्थानाशी तडजोड होऊन दर यात्रेकरूमागील कर गेला व वार्षिक १५,००० रुपये ठरले. पुढे श्री सम्मेदशिखरजीच्या परिसरात डुकरांच्या चरबीचा कारखाना निघाला. प्रकरणाची कागदपत्रे बंगालीत होती. दुभाष्यावर न विसंबता वीरचंदभाई कलकत्त्यात सहा महिने राहिले, बंगाली शिकले आणि प्रत्येक कागद स्वतः वाचला. कारखाना बंद झाला. १९०१ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.