एका प्राध्यापकाचे दप्तर

इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयात सर हान्स क्रेब्ज या जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापकांचे दप्तर जतन करून ठेवलेले आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना हे नाव अपरिचित नाही. अन्नापासून पेशीला ऊर्जा कशी मिळते, हे उलगडून दाखविणारे क्रेब्ज चक्र परीक्षेपुरते तरी प्रत्येकाने पाठ केलेले असते. परंतु पाठ्यपुस्तकातील ते सुबक वर्तुळ किती दिवसांच्या आकडेमोडीतून सिद्ध झाले, हे सांगण्याचे सामर्थ्य पाठ्यपुस्तकात नाही. ते त्या जुन्या प्रयोगवह्यांत आहे.

क्रेब्ज यांचा जन्म 1900 साली जर्मनीतील हिल्डसहाइम या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. वडील कान, नाक व घशाचे शल्यवैद्य होते. मुलानेही वैद्यकाची पदवी घेतली. पण त्याचा ओढा संशोधनाकडे होता. 1926 पासून चार वर्षे त्यांनी बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांच्या हाताखाली उमेदवारी केली. जिवंत ऊतींचे पातळ काप घेऊन, वायूच्या दाबात पडणाऱ्या फरकावरून त्यांचे श्वसन मोजण्याची पद्धत ते तेथे शिकले. पुढील सर्व कार्याचे भांडवल हेच.

फ्रायबुर्ग येथे कुर्ट हेन्सेलाइट या तरुण सहकाऱ्यासह त्यांनी यकृतात युरिया कसा तयार होतो, याचा शोध आरंभिला. एकामागून एक पदार्थ तपासले जात होते. 1931 च्या नोव्हेंबरमध्ये ऑर्निथिन या पदार्थाच्या सान्निध्यात युरियाचे प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले आढळले. तो आकडा वहीत उतरला. पण त्याचा अर्थ लागण्यास काही महिने जावे लागले. ऑर्निथिन स्वतः खर्ची न पडता चक्राकार क्रियेत पुनःपुन्हा निर्माण होते, हा निष्कर्ष 1932 मध्ये प्रसिद्ध झाला आणि बत्तिशीच्या आतील या संशोधकाचे नाव सर्वतोमुखी झाले.

पुढच्याच वर्षी नाझी राजवटीने ज्यूंना सरकारी सेवेतून दूर करणारा कायदा केला आणि एप्रिल 1933 मध्ये क्रेब्ज यांची नोकरी गेली. त्यांच्या कामात कोणी दोष काढला नव्हता. जन्म हाच अपराध ठरला होता. केंब्रिजच्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी त्यांना आपल्या विभागात जागा दिली. सोबत होती ती मुख्यतः मापनाची उपकरणे. ज्या देशाने त्यांच्या शिक्षणावर खर्च केला, त्यानेच ते भांडवल शेजाऱ्याच्या पदरात फुकट टाकले!

योगायोग असा की, त्याच 1933 साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत कमला भागवत या मराठी विद्यार्थिनीला केवळ स्त्री म्हणून प्रथम प्रवेश नाकारण्यात आला होता. आग्रह धरून तो मिळविल्यावर पुढे त्याही हॉपकिन्स यांच्याच विभागात पोहोचल्या आणि 1939 मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्याच आपल्या कमलाबाई सोहोनी. तेव्हा दार बंद करण्याचा मक्ता एकट्या जर्मनीकडे होता, असे मानण्याचे कारण नाही.

1935 मध्ये क्रेब्ज शेफील्डला अधिव्याख्याते झाले. तेथे विल्यम जॉन्सन या संशोधक विद्यार्थ्यासह, कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून, 1937 मध्ये त्यांनी सायट्रिक आम्लाचे चक्र मांडले. इतरांनी शोधलेले सुटे दुवे त्यांनी स्वतःच्या मोजमापांच्या आधारे एका साखळीत गुंफले. हे टिपण त्यांनी 'नेचर' या मान्यवर नियतकालिकाकडे पाठविले. तेथे आधीच्याच पत्रांची दाटी झाली असल्याने ते साभार परत आले! पन्नासाहून अधिक निबंध प्रसिद्ध झालेल्या या संशोधकाचा असा हा पहिलाच अनुभव. त्यांनी ते हॉलंडमधील 'एन्झायमोलॉजिया'मध्ये छापून घेतले. त्याच कार्यासाठी 1953 मध्ये फ्रिट्झ लिपमान यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान महायुद्ध झाले. शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकाने नकार देणाऱ्या स्वयंसेवकांवर क्रेब्ज यांच्या देखरेखीखाली शेफील्डमध्ये आहाराचे प्रयोग झाले. रोज अवघे 10 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व स्कर्व्ही टाळण्यास पुरते, असे त्यांतून दिसून आले. शिधावाटपाच्या काळात अशा आकड्याचे मोल किती, हे सांगायला नको. आश्रित म्हणून आलेल्या माणसाने आश्रयदात्याचे ऋण असे फेडले. 1954 मध्ये ते ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. 1967 मध्ये निवृत्त झाल्यावरही त्यांची प्रयोगशाळा सुटली नाही. 22 नोव्हेंबर 1981 रोजी त्यांचे निधन झाले.

क्रेब्ज यांच्या प्रयोगवह्या एकेक पान करून वाचल्या त्या फ्रेडरिक होम्स या अमेरिकन इतिहासकाराने. क्रेब्ज हयात असतानाच त्यांच्याशी वर्षानुवर्षे चर्चा करून त्याने लिहिलेले द्विखंडी चरित्र 1991 व 1993 मध्ये निघाले. त्यातून दिसतो तो एक चिकाटीचा हिशेबनीस. फसलेले प्रयोग, चुकीचे अंदाज, अर्थ न लागलेले आकडे, सारे काही रोजकीर्दीसारखे तारीखवार नोंदलेले. शोध म्हणजे विजेचा लखलखाट, ही समजूत या वह्यांपुढे टिकत नाही.

2015 मध्ये क्रेब्ज यांच्या नोबेल पदकाचा लिलाव झाला. आलेले 2 लाख 75 हजार पौंड निर्वासित संशोधकांच्या साहाय्यासाठी त्यांच्या नावाच्या न्यासाकडे गेले. पदकाचा याहून उचित विनियोग क्वचितच संभवतो. सोन्याला किंमत असते आणि ते विकता येते. वह्यांना बाजारभाव असतो तो केवळ रद्दीचा. आणि एकदा रद्दीत गेलेली वही कोणत्याही किमतीला परत मिळत नाही. आपल्या महाविद्यालयांत प्राध्यापक निवृत्त होतात, त्यांची कपाटे रिकामी होतात आणि कपाटातील कागद कोठे गेले, हे विचारणारा सहसा कोणी नसतो. त्या कागदांत प्रत्येक वेळी एखादे चक्र दडलेले असेल असे नव्हे. परंतु ते नव्हते, हे तरी उघडून पाहिल्यावाचून कसे ठरणार?