सोन की-जोंग : मान खाली घातलेला विजेता

सुवर्णपदक जिंकूनही मान खाली घालून उभा राहिलेला धावपटू तुम्हाला माहीत आहे का?

सोन की-जोंग यांचा जन्म १९१२ चा, कोरियातला. तेव्हा तिथे जपानचं राज्य होतं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकमध्ये त्यांनी मॅरेथॉन जिंकली, पण जपानच्या संघातून आणि जपानी नावानं! पदक घेताना हातातल्या रोपट्यानं त्यांनी छातीवरचा जपानी झेंडा झाकला. एका कोरियन वर्तमानपत्रानं फोटोतून तो झेंडाच पुसला, तर सरकारनं ते कित्येक महिने बंद ठेवलं.

१९८८ मध्ये स्वतंत्र देशात, सोल ऑलिम्पिकची मशाल घेऊन सत्तरी ओलांडलेले सोन आनंदानं उड्या मारत मैदानात आले. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं.

मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. स्वतःच्या नावानं धावता येणं, हेही स्वातंत्र्यच.