तेरा दिवसांची रजा

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव मराठी घरात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात त्या गेल्या. त्याच १८८६ साली कलकत्त्यात आणखी एक विवाहिता डॉक्टर झाली. तिच्या वाट्याला दीर्घ आयुष्य आले, भरपूर मुले आली, भरपूर रोगी आले आणि भरपूर शिव्याही आल्या. तिचे नाव कादंबिनी गांगुली. बंगालमध्ये ते घरोघरी ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र पहिली स्त्री डॉक्टर कोण, या वादात ते येते आणि वाद मिटला की विसरले जाते. मला त्या वादात रस नाही. या बाईंनी गरोदरपण, कॉलेज आणि मुलाबाळांचे घर एकाच वेळी कसे रेटले, हे मला पाहायचे आहे.

त्यामागे एक घरगुती कारणही आहे. आमची सूनबाई बी.डी.एस.च्या शेवटच्या वर्षाला असताना तिला दिवस गेले. दातांच्या कॉलेजात नुसती पुस्तके वाचून भागत नाही. इतके दात काढले, इतक्या कवळ्या बसवल्या, इतक्या दाढांची रूट कॅनाल केली, असा कामाचा कोटा पुरा केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. पोट पुढे आलेले असताना खुर्चीतल्या रोग्यावर तासन् तास वाकून उभे राहणे काय असते, ते तिची पाठ चोळताना मला कळले. एक वर्ष सोडून दे, असे सांगणारे पुष्कळ भेटले. त्या दिवसांत मी कादंबिनीबाईंविषयी मिळेल ते वाचत होते.

त्यांचा जन्म १८६१ चा, भागलपूरचा. वडील ब्रजकिशोर बसू शाळेत मुख्याध्यापक आणि ब्राह्मो समाजाचे. मुलीला त्यांनी कलकत्त्याला शिकायला ठेवले. तिथे तिला द्वारकानाथ गांगुली हे शिक्षक भेटले. स्त्रियांच्या बाजूने लिहिण्यासाठी ज्यांनी १८६९ साली अबलाबांधव नावाचे नियतकालिक काढले, ते हेच. मुलींना विद्यापीठाच्या परीक्षेला बसू द्यावे म्हणून ते झगडले. १८८३ च्या पदवीदान समारंभात कादंबिनी आणि चंद्रमुखी बसू या दोघी कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर ठरल्या.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये कादंबिनीने द्वारकानाथांशी लग्न केले. ते एकोणचाळीस वर्षांचे, विधुर, घरात आधीची मुले. ब्राह्मो समाजातल्या सुधारक मित्रांनाही हे लग्न रुचले नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मेडिकल कॉलेजचा प्रवेश. मुलगी नको, असे कॉलेजातल्या बऱ्याच जणांचे मत होते. अबला दास या हुशार मुलीला याच कारणाने १८८२ साली थेट मद्रासला जावे लागले होते. पुढे त्या जगदीशचंद्र बसूंच्या पत्नी झाल्या. द्वारकानाथांनी पाठपुरावा सोडला नाही आणि शेवटी सरकारनेच कॉलेजचा विरोध बाजूला सारला. कादंबिनीबाईंना प्रवेश मिळाला, महिना वीस रुपये शिष्यवृत्तीही मिळाली.

लग्न आणि प्रवेश एकाच वर्षी! आजही एखादी मुलगी असे करते म्हणाली, तर आपण दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना बोलावून बैठक बसवू.

त्या घराचा पसारा पाहा. द्वारकानाथांची मोठी मुलगी बिधुमुखी हिचे लग्न उपेंद्रकिशोर रे यांच्याशी झाले. बंगाली मुलांसाठी पुस्तके लिहिणारे आणि चित्रे काढणारे ते हेच उपेंद्रकिशोर. गांगुली आणि रे ही दोन्ही कुटुंबे कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरच्या तेरा नंबरच्या वाड्यात राहत. १८८६ साली बिधुमुखीला सुखलता झाली, १८८७ साली सुकुमार. म्हणजे कादंबिनीबाई पंचविशीत सासूही होत्या आणि आजीही, आणि स्वतःच्या बाळंतपणाचे दिवस तर चालूच होते. सत्यजित राय हे या सुकुमार रायांचे चिरंजीव.

परीक्षेत मात्र एक घाव बसला. एका विषयात त्या उत्तीर्ण होऊ शकल्या नाहीत. एका अध्यापकाचा स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणालाच विरोध होता आणि त्याने हे केले, असे चरित्रकार लिहितात. एम.बी. हुकली आणि तिच्याऐवजी जी.बी.एम.सी. म्हणजे बंगाल मेडिकल कॉलेजची पदवी हाती आली. व्यवसाय करण्याची मुभा मिळाली, पण हे उणे बाईंच्या नावामागे बरीच वर्षे लागून राहिले.

आता त्या तेरा दिवसांकडे येते. १८८८ च्या फेब्रुवारीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एका परिचितांना पत्र लिहून या बाईंची चौकशी केली. लेडी डफरिन यांच्या हॉस्पिटलात नेमणुकीसाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. या तरुण बाईला लग्नानंतर एक, कदाचित दोन मुले झाली आहेत. बाळंतपणासाठी ती फक्त तेरा दिवस गैरहजर राहिली आणि एकही व्याख्यान तिने बुडवले नसावे, असे नाइटिंगेलबाईंनी त्या पत्रात कौतुकाने नोंदवले आहे.

कादंबिनीबाईंवर लिहिणारा प्रत्येक जण हा आकडा सांगतो आणि मान डोलावतो. माझी मान डोलत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जपतात. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, अंगाला तेल, कानाला फडके. त्यातले थोडे बाजूला ठेवले तरी तेरा दिवसांत बाईचे अंग भरून येत नाही, दूध नीट उतरत नाही, रात्रीची झोप तर मिळतच नाही. तेराव्या दिवसानंतर ज्या बाईने शवविच्छेदनाच्या खोलीचा नि व्याख्यानांचा रस्ता धरला, तिची जिद्द मोठीच. पण चौदाव्या दिवशीही ती घरी राहिली असती, तर बाईमाणसाला हे झेपत नाही असे म्हणायला माणसे टपून बसली होती, हेही त्या आकड्यात आहे. आमच्या सूनबाईला ही गोष्ट मी सांगितली ती हुरूप द्यायला नव्हे. तू तेरा दिवसांत उठून जाऊ नकोस, एवढे सांगायला. ती दीड महिन्याने गेली. कोटा पुरा करायला एक सत्र जास्त लागले. लागू दे.

कादंबिनीबाईंना डफरिन हॉस्पिटलात तीनशे रुपये पगार मिळाला. त्या काळी ही रक्कम मोठी होती. १८८९ साली त्यांची मुलगी ज्योतिर्मयी जन्मली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात काँग्रेसच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी म्हणून त्या आपल्या मुंबईत आल्या. स्त्रिया प्रतिनिधी म्हणून आल्या ते हे पहिलेच अधिवेशन. पंडिता रमाबाईही त्यांत होत्या. तान्ह्या मुलीची सोय लावून कलकत्त्याहून मुंबईचा आगगाडीचा प्रवास करणे किती त्रासाचे असेल, याची कल्पना बाळ सांभाळलेल्या कुणालाही येईल.

शिव्यांचे सांगायचे राहिले. रात्री-अपरात्री बग्गीतून रोग्याकडे जाणारी, परपुरुषांशी बोलणारी, सभांना जाणारी बाई घर काय सांभाळणार, हा प्रश्न तेव्हाही होता. १८९१ साली बंगवासी या सनातनी वृत्तपत्राने त्यांच्या चारित्र्यावर आडवळणाने अत्यंत घाणेरडा शिंतोडा उडवला. आपल्या घरात असे झाले असते, तर अब्रू चव्हाट्यावर नको म्हणून सगळे गप्प बसले असते. गांगुली नवराबायको कोर्टात गेले. संपादक महेशचंद्र पाल यांना सहा महिन्यांची कैद आणि शंभर रुपये दंड झाला. मुले लहान होती, घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरा होत्या. तरी खटला शेवटापर्यंत चालवला.

आणि घर? रोग्यांकडे जाताना बग्गीत बसल्या बसल्या त्या सुंदर लेस विणत असत, ही त्यांची प्रसिद्ध आठवण. आठ मुलांना त्यांनी वाढवले. अर्थात हे एकटीने झाले नाही. वाड्यात माणसे होती, नवरा पाठीशी होता आणि पगार होता. या तीन गोष्टींतली एक जरी नसती तरी काय झाले असते, हा प्रश्न लेसच्या आठवणीत गुंग झालेल्यांनी स्वतःला विचारावा.

एम.बी.ची उणीव सलत होती. युरोपियन डॉक्टरणी वरच्या जागी आणि या खाली, हेही होते. म्हणून १८९३ साली, चार वर्षांची ज्योतिर्मयी आणि बाकीची मुले घरच्यांवर सोपवून, त्या विलायतेला गेल्या आणि एडिंबरा व ग्लासगो इथल्या संस्थांचा तिहेरी डिप्लोमा घेऊन आल्या. परतल्यावर त्यांना कोणी कमी शिकलेली म्हणू शकले नाही. पण तिथल्या बोटीवर आणि परक्या खोलीत मुलांच्या आठवणीने त्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, ते कुठल्याही पदवीपत्रावर लिहिलेले नसते.

१८९८ च्या जूनमध्ये द्वारकानाथ वारले. त्याच दिवशी एका अडलेल्या बाळंतिणीकडून बोलावणे आले आणि त्या गेल्या, असे सांगतात. लोकांना ते कठोर वाटले. मला वाटते, बाळंतीण अडली म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते.

पुढची पंचवीस वर्षे त्यांनी वैधव्यात काढली आणि व्यवसाय चालूच ठेवला. साठी उलटल्यावर, १९२२ साली, कवयित्री कामिनी राय यांच्याबरोबर त्या बिहार-ओरिसातल्या खाणींत राबणाऱ्या बायकांची स्थिती पाहायला गेल्या. ज्योतिर्मयी शिकून शिक्षिका झाली आणि स्वातंत्र्याच्या चळवळीत पडली.

३ ऑक्टोबर १९२३ रोजी सकाळी त्यांनी एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली, घरी आल्या आणि त्याच दिवशी गेल्या.