सावित्रीबाई फुले

पळस्प्याच्या नाक्यावरून घाट चढून पुण्यास जाणारा रस्ता आम्हां विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. त्याच पुण्यांत १८४८ सालीं सावित्रीबाई फुले मुलींस शिकवूं लागल्या.

त्यांचा जन्म सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें ३ जानेवारी १८३१ रोजीं झाला. १८४० मध्यें विवाह झाला, तेव्हां त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले पति जोतीराव यांनीं त्यांस घरीं धडे दिले. पुढें अहमदनगर व पुणें येथें मिशनरी बाईंकडे त्यांनीं अध्यापनाचें शिक्षण घेतलें. १८५४ मध्यें त्यांचा ‘काव्यफुलें’ हा संग्रह निघाला.

स्वतःस मिळालेला आधार त्यांनीं मुलींस दिला. लोकनिंदा सोसून चालविलेल्या फुले दांपत्याच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मातंग मुलीनें, सुमारें चौदाव्या वर्षीं, महार-मांगांच्या दुःखांवर निबंध लिहिला. १८५५ मध्यें तो ‘ज्ञानोदय’ पत्रांत छापला गेला. जिच्या समाजास अक्षर दुर्लभ होतें, ती मुलगी स्वतःचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडूं लागली.

प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करतांना तोच रोग जडून सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. विद्यार्थिमित्रहो, आरंभीं गुरुजनांचें बोट धरावें. पण पुढें तें सोडून आपला निबंध आपणच लिहावा, यांतच गुरूंचा संतोष आहे.