विश्लेषण : न्हाणीघरातल्या बेडकापासून हिवतापाच्या डासापर्यंत… कोण होते ‘ईएचए’?

ताडोबाहून परतलेल्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, वाघ दिसला का? बेडूक किती प्रकारचे दिसले, हे कोणी विचारत नाही. तरीही पावसाळ्यात मोबाइलवर बेडूक, चतुर, पतंग टिपून त्यांची नावे शोधत बसणारे हौशी आता गावोगावी भेटतात. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे त्यांचे पूर्वसुरी. ते ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी लिहीत.

साताऱ्यात जन्म, मिठाची नोकरी

स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरात, साताऱ्यात 1851 मध्ये त्यांचा जन्म झाला. शिक्षण मुंबई-पुण्यात. काही वर्षे डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून 1876 मध्ये ते जकात आणि मीठ खात्यात लागले. खाराघोडा, उरण, रत्नागिरी, कारवार अशा बदल्या झाल्या. शिकारीच्या गोष्टी लिहिणाऱ्या साहेबांची तेव्हा कमी नव्हती. एटकेन यांनी मात्र बंगल्यातले बेडूक, पाली, मुंग्या, कोळी यांच्यावर 1883 मध्ये खुसखुशीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापली. त्यात डॉ. आत्माराम पांडुरंग, डॉ. सखाराम अर्जुन होते आणि एटकेनही.

अळी पाळायची, मग नाव द्यायचे

कारवारकडे असताना डेव्हिडसन आणि बेल या अधिकाऱ्यांसोबत त्यांनी फुलपाखरांचा अभ्यास केला. नुसती जाळीने पकडून टाचणी मारली नाही. अळ्या शोधल्या, त्या कोणत्या झाडाची पाने खातात ते पाहिले, घरी वाढवल्या. तो अभ्यास 1896-97 मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आला. आजच्या छायाचित्रकारांनीही फुलपाखराइतकेच त्याच्या झाडाकडे पाहावे!

छंद कामी कसा आला?

गोव्याच्या सीमेवरील जकात नाक्यांवर शिपाई हिवतापाने बेजार होत. तिथली बदली सगळ्यांनाच नको असे. हिवताप अ‍ॅनॉफिलिस डास पसरवतो, हे रोनाल्ड रॉस यांच्या 1897 मधील शोधानंतर नुकतेच स्पष्ट झाले होते. 1902 मध्ये या नाक्यांची पाहणी करून शिपायांना डासांपासून दूर कुठे हलवता येईल ते सुचवण्याचे काम एटकेन यांच्याकडे आले. त्या फेरीत त्यांना अ‍ॅनॉफिलिसची एक नवी जात सापडली. तिला त्यांचेच नाव मिळाले, ‘अ‍ॅनॉफिलिस एटकेनाय’.

गंमत म्हणजे हा डास हिवताप पसरवणाऱ्या प्रमुख डासांत मोडत नाही. भारतात अ‍ॅनॉफिलिसच्या पन्नासहून अधिक जाती आहेत, धोक्याच्या मोजक्याच. म्हणून ओळख महत्त्वाची. राज्यात हिवतापाचे रुग्ण गडचिरोलीत वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने आढळतात. कोणता डास संथ ओढ्यात वाढतो, कोणता साचलेल्या पाण्यात, हे कळल्याशिवाय फवारणी आणि अळीनाशक नेमके कुठे वापरायचे ते ठरत नाही. पहिली खूण घरीही पाहता येते : अ‍ॅनॉफिलिस भिंतीवर मागची बाजू उचलून तिरका बसतो, क्युलेक्स भिंतीला समांतर.

एटकेन 1906 मध्ये निवृत्त झाले आणि 1909 मध्ये एडिंबरात वारले.